शेतजमिनीच्या दलालांना कायदा कधी लागू होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा वाढली तशी गुहागर, दापोली, राजापूर या भागांत जमिनीला गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या एजंटांची संख्याही वाढली आहे. त्यांतले बरेच जण कष्टाने काम करतात. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला वारसनोंद, मोजणी आणि तलाठी कार्यालयातील हेलपाटे त्यांच्याशिवाय झेपणार नाहीत, हे मी मान्य करतो. व्यवहार झाल्यावर दोन्ही पक्षांनी खुशीने दिलेल्या दोन टक्के दलालीबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या घरात या वर्षी जे घडले त्याबद्दल, आणि ते घडल्यावर दाद मागायला नेमके ठिकाण सापडले नाही त्याबद्दल.

माझ्या ७६ वर्षांच्या आत्याने घराच्या दुरुस्तीसाठी कलमबागेतील वीस गुंठे विकायचे ठरवले. गावातलाच ओळखीचा एजंट पुढे आला. गुंठ्याला नव्वद हजारांहून जास्त भाव येणार नाही, असे त्याने तिला सांगितले, पन्नास हजार रुपये हातावर ठेवले आणि 'पुढच्या कागदांसाठी लागेल' म्हणून पाचशे रुपयांच्या कोऱ्या मुद्रांकावर तिची सही घेतली. महिन्याभराने पुण्याहून खरेदीदार बाग पाहायला आले. ओटीवर बसून बोलताना 'गुंठ्याला दीड लाख देतोय, तेव्हा विहिरीचे पाणी किती महिने टिकते ते सांगा,' असे ते सहज म्हणाले आणि आत्या माझ्याकडे पाहतच राहिली. त्यांनी पिशवीतून इसार पावती, म्हणजे सौद्यापोटी दिलेल्या आगाऊ रकमेची पावती, काढून दाखवली. तळाशी आत्याची थरथरत्या हाताची सही होती. वरचा मजकूर सुरुवातीला ऐसपैस टंकलेला होता, पण सही जवळ येऊ लागताच शेवटच्या चार ओळी बारीक अक्षरात एकमेकींवर चढल्यासारख्या दाटून बसवल्या होत्या. त्या ओळींत, दोन लाख रुपये रोख मिळाले आणि सर्व सहहिस्सेदारांची संमती आहे, असे आत्याच्या नावे लिहिलेले होते.

प्रत्यक्षात सातबारावर अकरा नावे आहेत, वाटप झालेले नाही आणि उरलेल्या दहा जणांपैकी कोणालाही काहीच विचारलेले नव्हते. वाटप न झालेल्या जमिनीत एका सहहिस्सेदाराला फक्त आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, हे एजंटाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. खरेदीदार शेतकरी नाहीत. त्यांना 'शेतकरी दाखल्याचे मी बघतो' असे आश्वासन देण्यात आले होते. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि अशी खरेदी पुढे अवैध ठरू शकते. म्हणजे फसवणूक केवळ आमची नव्हती. ते गृहस्थही आयुष्यभराची पुंजी धोक्यात घालत होते. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, ती गोष्ट निराळीच.

पोलिसांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगून अर्ज ठेवून घेतला. कोऱ्या कागदावर सही घेऊन वर खोटा मजकूर टंकणे ही दिवाणी बाब कशी, हे मला अजून कळलेले नाही. मग महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जावे असे सुचले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली आहे, नियम मोडल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे आणि महाराष्ट्रात तर महारेराने प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अटही घातली आहे. परंतु हे सर्व नोंदणीकृत गृहप्रकल्पांतील सदनिका आणि भूखंडांपुरते आहे. आंब्याच्या बागेचा, वरकस जमिनीचा किंवा पारडीचा सौदा करणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. मुंबईत सदनिका विकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते आणि कोकणातील पिढीजात जमीन विकणाऱ्याला साधे नावही कुठे नोंदवावे लागत नाही.

शासनाने हा फरक मिटवावा, अशी माझी विनंती आहे. शेतजमिनीच्या एजंटांची नोंदवही तहसील कार्यालयात असावी आणि ती कोणालाही पाहता यावी. मालकाने दिलेला लेखी अधिकार, त्यात ठरलेला भाव आणि दलाली, यांशिवाय एजंटाने सौदा पुढे नेऊ नये. खरेदीखतात मध्यस्थाचे नाव आणि त्याला दोन्हीकडून मिळालेली रक्कम लिहिणे सक्तीचे केले, तर मालकाला एक भाव आणि गिऱ्हाइकाला दुसरा सांगण्याची सोय बरीचशी संपेल, कारण दोघेही दुय्यम निबंधकांसमोर तोच कागद वाचतील. यासाठी फार खर्च येणार नाही. तोवर वाचकांना एवढेच सांगतो, की कोऱ्या कागदावर सही करू नका, खरेदीदाराशी एकदा तरी समोरासमोर बोला आणि पंधरा रुपयांत मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा स्वतः काढून त्यावरील प्रत्येक नाव वाचा.

आमचा सौदा आम्ही थांबवला. आत्याने तिचे पन्नास हजार खरेदीदारांना परत केले. उरलेल्या दीड लाखांसाठी ते गृहस्थ एजंटाकडे खेपा घालत आहेत. आत्याच्या वडिलांनी केलेले मूळ खरेदीखत 'वकिलाला दाखवून आणतो' म्हणून एजंटाने नेले होते. दलाली चुकती केल्याशिवाय ते मिळणार नाही, असा त्याचा निरोप आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी