सूचना : दवाखान्याच्या पुढे ढकललेल्या तारखांबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता कट्ट्यावर, ज्यांच्या सोनोग्राफी, मोतीबिंदू वगैरेच्या तारखा सरकारी दवाखान्यात रद्द झाल्यात, त्यांनी केस पेपरची झेरॉक्स घेऊन यावे. मूळ कागद कुणालाही देऊ नका. मलाही नको!

माझ्याच केस पेपरवर तीन तारखा आहेत. दोन निळ्या पेनाने खोडलेल्या, तिसरी कोपऱ्यात कशीबशी कोंबलेली. दर वेळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून उपाशीपोटी जायचे आणि खिडकीवर ऐकायचे, 'डॉक्टर आज नाहीत, पुढच्या महिन्यात या.' फोन नंबर आधीच लिहून घेतलेला असतो, पण फोन काही येत नाही. सिस्टर बिचाऱ्या एकट्या किती सांभाळणार, त्यांच्यावर ओरडू नका.

आपण एकच अर्ज करू, पण दोन प्रतींत. आवक-जावकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारू. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, त्यामुळे तिथे खिडकीवर पैशांवरून उगाच वाद नको.

ज्यांना गुडघ्यांमुळे येणे जमणार नाही, त्यांनी केस पेपरचा फोटो शनिवारपर्यंत मला व्हॉट्सअ‍ॅप करावा. ग्रुपवर टाकू नये, त्यावर आजार लिहिलेला असतो.

– सचिव