नागावचं घर आणि तुझी ती काच

प्रिय नंदू,

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही, तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे. माझी शुगर आहे तिथंच आहे, बाकी ठणठणीत. दादाचं नागावचं नवं घर बघून आलो आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. घरात तोंड उघडलं की बायको म्हणते, तुम्हाला भावाचं चांगलं बघवत नाही.

फोटो पाहिलेच असशील. समुद्राकडची अख्खी भिंत काचेची, वीस फूट उंच. समुद्राकडची म्हणजे पश्चिमेची, तुला वेगळं सांगायला नको. दुपारी तीननंतर दिवाणखान्यात बसायचं तर पडदे सोडून एसी लावायचा. पडदे रिमोटवर. वीज गेली तेव्हा ते अर्ध्यावरच अडकले, आणि दादा हात लावू देईना, मोटर बिघडते म्हणे! खाऱ्या वाऱ्यानं काच धुरकटते, ती पुसायला दोरावर लटकणारी माणसं मुंबईहून येतात. छपराला वळचण नाही. अलिबागचा पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे, तोही आडवा. पहिल्याच आषाढात पाणी आत.

स्वयंपाकघरं दोन. पुढचं दिवाणखान्यातच उघडं, तिथं फोडणी द्यायची नाही, वास सोफ्यात मुरतो. खरा स्वयंपाक मागच्या बोळकांडीत. त्या पुढच्या ओट्यावर वहिनीच्या वाटीखालून कोकमाच्या आगळाचा ओघळ आला. लगेच पुसला, रंग गेला, पण पांढऱ्या इटालियन मार्बलवर एक निस्तेज गोल कायमचा राहिला. संगमरवर म्हणजे शेवटी चुनाच, आंबट लागलं की खाल्ला जाणार. आता पुढच्या ओट्यावर कोकम, लिंबू, चिंच बंद. कोकणात घर बांधून कोकमाला बंदी!

होस्टेलवर फार्न्सवर्थ हाऊसवरून, त्या अमेरिकेतल्या काचेच्या घरावरून, आपलं वाजलं होतं, आठवतं? तू म्हणायचास, 1951 सालचं जगातलं सगळ्यात शुद्ध घर. मी म्हणायचो, ज्यांच्यासाठी ते बांधलं त्या डॉक्टरीणबाईंना विचार. पुरासाठी जमिनीपासून पाच फूट उचललं, तरी 1954 मध्ये फॉक्स नदी आत शिरलीच. रस्त्यावरून सगळं दिसतं म्हणून सिंकखाली कचऱ्याचा डबा ठेवायची चोरी. दिवा लावला की डास. वर ते बांधणाऱ्या आर्किटेक्टशी, मीसशी, कोर्टकचेरी. तू म्हणालास, 'बाईंना घर समजलंच नाही.' त्या वाक्याचा मला अजून राग येतो, नंदू. तरी बाईंनी ते 1972 पर्यंत ठेवलं, हा तुझा मुद्दा मान्य. आणि संध्याकाळी दादाच्या काचेसमोर उभा राहिलो तेव्हा, खोटं कशाला बोलू, सुंदर दिसतं लेका.

पण आईचं काय? जिना म्हणजे भिंतीतून निघालेल्या सुट्या पायऱ्या, मधे पोकळी, कठडा नाही. आईची खोली वर, का तर तिथून समुद्र दिसतो. ती दोन्ही हात भिंतीला टेकवून, आडवी, खेकड्यासारखी चढते. रात्री खाली उतरावं लागू नये म्हणून जेवताना पाणी कमी पिते. भिंतीवर तिच्या हातांचे डाग पडलेत, आणि वहिनी माझ्यादेखत रंगाऱ्याला फोन करत होती. कठडा लाव म्हटलं तर दादा म्हणतो, लाइन बिघडते. ही तुम्हा आर्किटेक्ट लोकांचीच भाषा. तिला खाली हलव म्हटलं, तर खालच्या खोलीत होम थिएटर आहे. त्यात आजवर एक सिनेमा लागलेला नाही, कारण लावायचा कसा ते फक्त पुतण्याला येतं आणि तो बंगळुरूला.

आईला विचारलं, त्रास होतो का? म्हणाली, "त्याने हौसेनं बांधलंय, तू काही बोलू नकोस." आता बोल!

दादा माझं ऐकायचा नाही. तुला तो अजून मोठा आर्किटेक्ट समजतो (हसू नकोस). फोन कर. स्टीलची बारीक नळी भिंतीला धरून लावली तरी पुरे, तुमची लाइनही राहील. माझं नाव मात्र काढू नकोस, नाहीतर मुद्दाम लावणार नाही.

सायलीच्या ॲडमिशनचं झालं का? सासऱ्यांना घरी आणलंत म्हणे, बरं झालं. ऑफिस खरंच बंद करतोयस? त्यावर भेटीत बोलू. फोन या रविवारीच कर, तो नागावला असतो, आणि जेवणाआधी कर. जेवल्यावर झोपतो.

तुझा,
अव्या