ठासणीच्या बंदुकीचं अडकलेलं बूच सोडवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

दुकानातून निघताना मी आभार मानायला लागलो तर तुम्ही हात हलवून पुढच्या कामाला लागलात. म्हणून हे लिहितो आहे, आणि उघडपणे लिहितो आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुका, बऱ्याच घरांत आहेत. त्यांतल्या कितीतरी वर्षानुवर्षं कोणी उघडून पाहिलेल्या नाहीत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्या घरांनाही कळायला हवं.

भाऊ, म्हणजे माझे वडील गेले, तेव्हा कायद्याप्रमाणे बंदूक जमा केली. वारस म्हणून परवाना माझ्या नावे होईपर्यंत पावसाळे उलटले. बंदूक घरी परत आली तेव्हा घोडा कसाबसा उठत होता, निपल, म्हणजे ठिणगी देणारी केप जिच्यावर बसते ती तोटी, गंजून बसलं होतं आणि बार ठासायचा गज नळीत पूर्ण जात नव्हता. आत कचरा आणि गंज साचला असेल, असंच सगळे म्हणाले. एका गॅरेजवाल्याने तर गॅसची बत्ती पेटवायची तयारीही केली होती. नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच लाल होईपर्यंत तापवलं की झटक्यात सुटेल, असं त्याचं म्हणणं. त्याचा हेतू चांगला होता. पण तुमच्याकडे यायचं ठरलं होतं म्हणून मी त्याला थांबवलं.

तुम्ही आधी परवाना पाहिलात, मग बंदूक हातात घेतलीत आणि पहिला प्रश्न विचारलात, "बार काढलेला आहे का?"

रिकामीच आहे, असं घरातल्या प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. केप काढलेली, घोडा नुसता आपटलेला, आवाज काही नाही. तुम्ही म्हणालात, यावरून काहीच कळत नाही. मागून उघडणाऱ्या बंदुकीत डोळा लावून पाहता येतं, ठासणीच्या नळीला मागे वाटच नसते. मग तुम्ही गज थांबेपर्यंत आत सोडलात, तोंडापाशी खडूने खूण केलीत आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून दाखवलात. गजाचं टोक निपलच्या बरंच अलीकडे थांबलं होतं. मधे चार बोटांची जागा कशाने तरी भरलेली होती.

भाऊंनी रानडुकरांना हुसकायला भरलेला आणि कधीच न उडवलेला बार होता तो.

मिस्त्रीकाका, त्या गॅसच्या बत्तीचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही, कोरडी असेल तर ती कितीही वर्षांनी पेटते. हे तुम्ही मला एका वाक्यात सांगितलंत आणि लगेच कामाला लागलात. ज्याला ती नळी बत्तीने तापवायची होती त्याचा जीव तुम्ही वाचवलात. बहुधा माझाही, कारण मी शेजारीच असतो. या पत्रातले पहिले आभार याच गोष्टीचे आहेत.

मग तुम्ही निपल सोडवलंत आणि नळीत दोन्ही बाजूंनी पाणी भरून ती उभी करून ठेवलीत. मला वाटलं, पाण्याने गंज आणखी वाढेल. वाढतो, पण गंज नंतर काढता येतो, असं तुम्ही म्हणालात. दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, मागे कोळसा आणि गंधक राहतात, आणि सोऱ्याशिवाय त्यांचा स्फोट होत नाही. दारूत तीन हिस्से सोराच असतो, उरलेल्या एका हिश्शात कोळसा आणि गंधक. नुसती ओलसर झालेली दारू वाळली की पुन्हा जागी होते, म्हणून पाणी पुन्हापुन्हा बदलून धुवायचं, हेही तुम्ही बजावलंत. निपलच्या भोकातून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत तुम्ही दुसऱ्या कशालाच हात लावला नाहीत.

गजाला पेचदार टोक लावून तुम्ही समोरून बारात ठासलेला बोळा ओढायला घेतलात. काथ्याचे धागे आले, काही छर्रे आले आणि पुढे सगळं गंजाने धरलेलं. निपलच्या जागेतून ग्रीस दाबून पाहिलंत. शिशाची एकच गोळी असती तर तिला ते ढकलत बाहेर घेऊन आलं असतं. छऱ्यांच्या फटींतून मात्र ग्रीसने स्वतःची वाट काढली. बूच काढण्याचा निर्णय तुम्ही त्यानंतर घेतलात, आणि तोही नाखुशीने. ठासणीच्या बंदुकीचं बूच उगाच काढायचं नसतं, हे तुमचं मत मला पूर्ण पटलं. ते एकदा घट्ट बसवलेलं असतं ते तसंच राहण्यासाठी. नळी धुवायला त्याला हात लावावा लागत नाही, गरम पाणी पुरतं.

पुढचं काम मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक बंदुका बिघडवतात. लाकडी दस्ता काढल्यावर बुचाची शेपटी, म्हणजे त्याच्या मागे निघालेली पट्टी, मोकळी झाली. कोणीही ती शेपटी पकडून पिळली असती, आणि ती वाकली किंवा तुटली असती. तुम्ही तिला मुळीच जोर लागू दिला नाहीत. निपल ज्या बाजूच्या गोळ्यात बसतं तो गोळा तुम्ही आधी काढलात. त्याचे आटे नळीतून आरपार जाऊन बुचाच्या आट्यांत घुसले होते. तो तसाच ठेवून बूच फिरवलं असतं तर दोन्हींचे आटे कापले गेले असते. ही गोष्ट मला कुठे वाचायला मिळाली नसती.

मग तेल. गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि अॅसिटोन मिसळून तुम्ही आट्यांच्या रेषेवर थेंब सोडत राहिलात. मधूनमधून पितळी हातोडीने हलके टोले, जोर लावायला नाही, गंजाला तडे जावेत म्हणून. अॅसिटोन पूर्ण उडून गेल्यावर आणि आत दारू नाही याची पुन्हा खात्री झाल्यावर नळी मागच्या टोकाशी तापवलीत, तीही रंग बदलणार नाही इतपतच, आणि सांध्यावर मेणबत्ती टेकवलीत. मेण वितळून आत ओढलं गेलं. मी ते पाहत होतो आणि मला तिथून हलावंसं वाटेना.

बुचाच्या बुंध्याला नेमका बसेल असा पाना तुम्ही जाड पट्टीत कानशीने खाच करून घडवलात. पुन्हापुन्हा लावून पाहत होतात, कागदही शिरणार नाही इतका घट्ट बसेपर्यंत. व्हाइसच्या जबड्यांत तांब्याचे पत्रे घालून नळी बुचाच्या अगदी जवळ धरलीत, म्हणजे नळीलाच पीळ पडणार नाही. पहिल्यांदा सुटलं नाही. तुम्ही पान्याला लांब नळी लावून लोंबकळला नाहीत. तेल सोडलंत आणि दुकान बंद केलंत. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी दांड्यावर एक नेमका झटका दिलात आणि आतून टक् असा आवाज आला.

नळीच्या खालच्या अंगाला छिन्नीची एक बारीक रेघ होती, नळीवर आणि बुचावर सलग. मूळ कारागिराची खूण. परत बसवताना ती जुळेपर्यंतच फिरवायचं, त्याच्या अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही. ती रेघ दाखवताना तुमचा आवाज बदलला होता. ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही अशा माणसाने पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी ठेवलेला तो निरोप होता, आणि तो तुम्ही वाचलात.

आता ज्या गोष्टीसाठी आभार मानणं मला सर्वांत जड गेलं ती. बूच निघाल्यावर तुम्ही नळीत दिवा धरून मला पाहायला लावलंत. आटे शाबूत होते. पण बुचाच्या लगेच पुढे, जिथे दारू पेटते आणि दाब सर्वांत जास्त असतो, तिथे गंजाने खोल खड्डे पाडले होते. जळलेल्या दारूचा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो, जुन्या केपांतून उरणारा क्षारही तसाच, आणि आपल्याकडची पावसाळी हवा. तुम्ही स्पष्ट सांगितलंत की या नळीतून पुन्हा बार उडवायचा नाही. मी विचारलं, थोडी कमी दारू घातली तर? तुम्ही नाही म्हणालात. कमी दारूने एकदा काही होणार नाही, दुसऱ्यांदा होणार नाही, आणि मग कधीतरी एक दिवस होईल, असं म्हणालात. गिऱ्हाईक नाराज होईल याची पर्वा न करता तुम्ही हे बोललात, आणि मजुरीही ठरली होती तेवढीच घेतलीत.

बंदूक आता साफ, तेल लावलेली, रेघ जुळलेली आहे. नळीला काय झालं आहे ते लिहून परवान्याच्या कागदांबरोबर ठेवलं आहे, म्हणजे माझ्यानंतर कोणी ती भरणार नाही. डुकरं अजून नाचणीत येतात. त्यांच्यासाठी दुसरी सोय करतो आहे.

एक विनंती आहे. आमच्या वाडीत आणखी एका घरी अशीच नळी आहे आणि तिच्यातही गज पूर्ण जात नाही. त्यांना मी सांगून ठेवलं आहे की तापवू नका, ठोकू नका, तोंड कोणाकडे करू नका. परवाना घेऊन त्यांना तुमच्याकडे कधी पाठवू ते कळवा. मी बरोबर येईन, आणि येताना बागेतले आंबे आणीन. तेवढे तरी नाही म्हणू नका.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक शेतकरी