ताई, तुम्ही आमची एक्सेल शीट खोडलीत त्याबद्दल

ताई, नमस्कार.

व्हॉट्सअपवर नुसतं थँक्यू टाकून सुटणं बरं वाटेना म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय. युरोपातल्या अल्बानियाला जायचं ठरवलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "हे आफ्रिकेत आहे का गं?" दुसरा, "तिथे कोण जातं?" मग मैत्रिणीने तुमचा नंबर दिला, म्हणाली ती दोन वर्षं तिथल्या राजधानीत, तिरानामध्ये राहिलीये, विचार. ओळख ना पाळख, तरी रात्री अकराला तुम्ही फोनवर तासभर बोललात.

माझी सहलीच्या आखणीची शीट बघून तुम्ही हसलात ते अजून ऐकू येतंय :) 9 दिवसांत अथेन्स, अल्बानिया, शेजारच्या माँटेनेग्रोतलं कोटोर, वर अल्बानियाच्या उत्तरेतला थेथ ते वाल्बोना डोंगरी ट्रेक. तुम्ही एकच विचारलंत, "आईंचे गुडघे कसे आहेत?" खरं सांगते, तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मग तुम्ही एकेक रांग उडवत गेलात आणि उरलं ते तिराना, बेरात, जिरोकास्तर, सारांदा, बास. तेव्हा मनातून जरा रागच आला होता तुमचा.

व्हिसाचं पण तुमच्यामुळेच सुटलं. मल्टिपल एन्ट्री शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) चालतो पण तो आधी एकदा वापरलेला हवा, हे तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही तेवढ्यासाठी आधी अथेन्सला उतरलो, नाहीतर थेट तिरानाचं तिकीट काढून बसलो असतो. (जाणाऱ्यांनी नियम परत चेक करा, बदलत असतात.)

तिथली फुर्गोन म्हणजे आपली वडापच हो! भरली की सुटते. ती जिरोकास्तरला खाली हमरस्त्यावर सोडते आणि जुनं गाव वर डोंगरात, दगडी चढ, तेव्हा "खालून टॅक्सी करा, हुशारी करू नका" हे तुमचं वाक्य मी मंत्रासारखं पाळलं. सारांदाजवळच्या निळ्या झऱ्याला (ब्लू आय) पण पार्किंगपासून दोनेक किलोमीटर चालायचंय हे आधीच माहीत असल्याने आई काठी घेऊन निवांत गेली. डायव्हर 50 मीटर खाली गेलेत तरी तळ लागलेला नाही म्हटल्यावर हात जोडून उभी राहिली, म्हणाली हे तर कुंडच आहे.

आता मुख्य गोष्ट. जुन्या लेकचं, म्हणजे तिथल्या चलनाचं. 1965 साली नोटांवरचं एक शून्य गेलं पण लोकांच्या तोंडातून अजून गेलं नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतंत आणि मी ऐन वेळी विसरले. बेरातला किल्ल्याच्या वाटेवर एक आजी अंजिरं विकत होती. पिशवी भरली, बोटांनी दोन दाखवून "दोन हजार" म्हणाली, मी मुकाट 2000 ची नोट दिली. आजीने नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ॲप्रनच्या खिशात हात घालून एकेक नोट माझ्या हातावर मोजत 1800 परत दिले आणि वर दोन अंजिरं आईच्या हातात कोंबली. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, ती जुन्या हिशोबाने बोलत होती, मागत होती दोनशेच. लेक आणि रुपया साधारण सारख्याच भावाचा, त्यामुळे दोन हजारांची अंजिरं म्हणजे काय ते आईला लगेच कळलं. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, लेकीने लेक उधळले, आजीने वाचवले.

जेवणाची काळजी होती, पण पालकाचा ब्युरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला), दही, टोमॅटो, ऑलिव्ह यावर आई मजेत राहिली. बुत्रिंतच्या प्राचीन अवशेषांत ग्रीक, रोमन, व्हेनेशियन सगळं एकाच जागी, तिथे आम्ही अख्खा दिवस काढला, तुमच्या खोडलेल्या रांगांमुळे तेवढा वेळ होता. हुकूमशहा होजाने देशभर बांधलेले बंकर मात्र मी बघितले, आई नाही, ती म्हणाली ते होजाचं खूळ तूच बघ, मी इथे कॉफी पिते.

डोंगरी चहाच्या वाळक्या काड्यांच्या दोन जुड्या आणल्यात. तिकडे पण त्याला चायच म्हणतात याचं आईला फार कौतुक. एक जुडी तुमची आहे, पत्ता पाठवा. आणि आईला तुम्हाला प्रत्यक्ष भेटायचंय, तर एकदा जेवायलाच या ना.

फालेमिंदेरित, म्हणजे धन्यवाद! (उच्चार चुकला असेल तर हसा परत.)