टीबी नाही, मग छातीत काय आहे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

क्षयरोगाच्या मोहिमेत छातीचा फोटो काढायची छोटी मशीन खेड्यापर्यंत आली, चांगलं झालं. बेडक्यात जंतू सापडले तर औषध फुकट, वर पोषणाचे दरमहा हजार रुपये. जंतू नाहीत पण फोटोत डाग आहे, आणि तो कर्करोगाचाही असू शकतो, असा माणूस मात्र कुणाच्याच यादीत बसत नाही.

मी विट्याचा. आमच्याकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली माणसं देशभर भट्ट्या पेटवून उतारवयात गावी येतात. जुनं केडीएमचं, म्हणजे कॅडमियमच्या डाकेचं सोनं वितळवलं की कॅडमियमचा धूर निघतो आणि कॅडमियमनं फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. बायकांची हयात चुलीच्या धुरात गेलेली. यांतल्या कितीकांनी विडीला हात लावलेला नसतो, त्यामुळं शंकाही उशिरा येते. तोवर टीबी समजून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं चालू. कोर्स संपतो, वजन उतरतच राहतं.

रक्ताच्या थेंबात कर्करोग ओळखणारं यंत्र जिल्ह्याला द्या, असं कुणी पुढारी म्हणेल. ऐकू नका. धडधाकट माणसांचं सरसकट सीटी स्कॅनही मी मागत नाही. अमेरिकेत ५३ हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासात (२०११) कमी किरणांच्या सीटीनं या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले खरे, पण तपासणीत जे संशय निघाले त्यांतले ९६ टक्के खोटे ठरले. आपल्याकडं तर टीबीचे जुने व्रण घराघरांत आहेत.

मागणी एवढीच. फोटोत डाग आणि सीबीनॅट (बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह असेल, तर आरोग्य केंद्रातूनच मिरज किंवा साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सीटीची तारीख मिळावी. गाठ दिसली तर तुकडा काढून, कर्करोग निघाल्यास त्यात ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल शोधणारी तपासणी सरकारी खर्चानं व्हावी. तुकडा अपुरा पडला तर ईजीएफआर रक्तातूनही तपासता येतं. नव्या चाचण्यांचा खरा उपयोग इथं आहे. ॲडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रकारात आपल्याकडच्या साधारण चौथाई रुग्णांत ईजीएफआरचा बदल सापडतो आणि त्यांतल्या बहुतेकांना केमोऐवजी रोजची गोळी चालते. जनआरोग्य योजना कामी येते ती निदानानंतर; तिथवर पोचेतो म्हैस विकलेली असते.

महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण खात्याची, केंद्रं तुमची, हे ठाऊक आहे. दोन खात्यांतला पत्रव्यवहार मंत्रालयातच उरकावा, रुग्णाच्या हाती चिठ्ठी देऊन नव्हे. आदेशाची पहिली प्रत सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या क्षयरोग अधिकाऱ्यांना द्या. फोटोत डाग निघालेल्यांची नोंद त्यांच्याच दप्तरात असते.

आपला,
विट्याचा एक रहिवासी