मुलींना खोली द्यायची नाही, हा नियम कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही तिघी मैत्रिणी लातूरच्या. २०२५ साली एकाच वर्गातून बी.एस्सी. झालो आणि नोकरीसाठी मुंबईकडे आलो. एकीला परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, दुसरीला ऐरोलीत, मला विक्रोळीत. एकत्र राहायचं हे शेवटच्या परीक्षेआधीच ठरलं होतं. कुठे, हे ठरवायला मात्र दीड महिना गेला. त्या दीड महिन्याबद्दल हे पत्र.

पहिले काही दिवस परळवालीच्या मावशीकडे राहून आम्ही वहीत गावं लिहिली. बदलापूर, डोंबिवली, दिवा, कळवा, ठाणे. मुंबईपासून लांब जावं तसं भाडं उतरतं आणि प्रवास वाढतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण नुसत्या वहीवर विसंबायचं नाही असं ठरवून आम्ही प्रत्येक ठिकाणाहून सकाळी आठच्या सुमाराची गाडी पकडून पाहिली. डोंबिवलीला पहिल्या दोन गाड्यांत बायकांच्या डब्याच्या दारापर्यंतही पोचता आलं नाही. त्यातच ९ जूनला मुंब्र्याजवळ भरल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. बाबांनी त्याच रात्री फोन केला, "भाडं जास्त पडलं तरी चालेल, ठाण्याच्या पलीकडे जाऊ नका."

दिव्याचं घर खरं तर स्वस्त होतं. पण जिन्यात प्रत्येक मजल्यावर निळे पिंप ओळीनं मांडलेले दिसले आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आम्ही सहावीत होतो. घरात आंघोळीचं पाणी वेगळं साठवून त्यातच फरशी पुसायची सवय आम्हाला अजून आहे. त्यामुळे कुठलंही घर बघताना आमचा पहिला प्रश्न असायचा, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं. एजंटला त्याचं नवल वाटायचं.

शेवटी कळवा ठरलं. ठाणं एका स्टेशनावर, भाडं ठाण्यापेक्षा कमी. धीम्या गाडीनं मी थेट विक्रोळीला, परळवाली थेट परळला. ऐरोलीवालीला ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी, गाडी पकडावी लागते. कळव्याहून थेट ऐरोलीला जोडणारा उन्नत रेल्वेमार्ग बरीच वर्षं रखडला आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याकडचा तुकडा तसाच आहे. तो झाला असता तर तिची रोजची जिना चढ-उतार वाचली असती.

गाव ठरलं, घर मिळेना. एका इमारतीत घरमालकांना आम्ही पसंत होतो. १६ हजार भाडं, ५० हजार अनामत, सगळं बोलून झालं. पाच हजारांचं टोकनही दिलं. दोन दिवसांनी त्यांचा पडेल आवाजात फोन आला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'बॅचलर'ना मनाई केली आहे. आम्ही सेक्रेटरींना जाऊन भेटलो. नोकरीची पत्रं, आधार कार्डं, दोघींच्या वडिलांचे फोन नंबर, सगळं नेलं होतं. त्यांनी कागद उघडलेही नाहीत. रात्रपाळी कुणाची असते, एवढंच विचारलं. ऐरोलीवाली म्हणाली, "माझी, महिन्यातून एक आठवडा." तिथेच बोलणं संपलं. टोकन परत मिळायला बारा दिवस लागले. पुढच्या दोन इमारतींत तर वॉचमननंच फाटकावरून परत पाठवलं.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सभासदाला आपलं घर लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारानं भाड्यानं, द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी लेखी कळवायचं असतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, तीही आम्ही द्यायला तयार होतो. हे सगळं त्या घरमालकांना ठाऊक असतं तर ते बिचारे सेक्रेटरींपुढे एवढे दबले नसते.

आता आम्ही कळव्यातल्या खारेगावात एका आजींच्या घरात भाड्यानं राहतो. करार नोंदवायला माणूस घरी आला तेव्हा आजींचा ठसा मशीनवर उमटेना. भांडी घासून बोटं झिजलेली. चौथ्या खेपेला उमटला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मीसुद्धा लग्न करून कोकणातून अशीच परक्या गावात आले होते गं." पाणी सकाळी साडेसहाला येतं, पाऊण तास. आम्हाला पुरतं.

माझी सहकार खात्याला आणि गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनला कळकळीची विनंती आहे, की भाड्यानं घर देण्याबाबतचा हा नियम सोप्या मराठीत छापून प्रत्येक सोसायटीच्या सूचना फलकावर, पाण्याच्या वेळांच्या शेजारी लावायला सांगावा. आणि कुठल्या समितीला भाडेकरू नाकारायचाच असेल, तर तिनं कारण सहीशिक्क्यासह लेखी द्यावं.

परळवालीची धाकटी बहीण पुढच्या जूनमध्ये इकडे येते आहे. तिच्यासाठी आम्ही आतापासूनच विचारायला लागलो आहोत. पाण्याची वेळ अजूनही विचारतोच, पण त्याआधी "मुली चालतील का?" हे विचारावं लागतं.

– एक वाचक, कळवा (जि. ठाणे)
(नाव छापू नये, ही विनंती.)