‘उडत्या शवपेट्या’ कोणाला म्हणता?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवाई दलाच्या जुन्या मालवाहू विमानांवरचा कालच्या रविवारच्या अंकातला लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चष्मा पुसून. कारण छायाचित्राखाली छापले आहे ‘एएन-३२’ आणि चित्रात उभे आहे चार इंजिनांचे हर्क्युलिस. एएन-३२ ला इंजिने दोनच, आणि तीही पंखांच्या वर चढवलेली. खाली असती तर इंजिनापुढचा तो अवाढव्य फिरता पंखा जमिनीला लागला असता. आमच्या सोसायटीतले चौथीतले पोरसुद्धा हा फरक सांगेल. लेखक संरक्षण विषयाचे अभ्यासक आहेत, असे तळटीप म्हणते. असतील.

पुढे ते म्हणतात, सी-२९५ ही नवी मालवाहू विमाने आली, आता एएन-३२ भंगारात काढायला हरकत नाही. अहो, २०२१ साली ज्या ५६ सी-२९५ चा करार झाला तो अॅव्रो या त्याहून जुन्या विमानाच्या जागी. त्यातली १६ स्पेनमधून तयार आली, उरलेली ४० वडोदऱ्यात व्हायची आहेत. आपल्याकडे बांधलेले पहिले अॅव्रो उडाले १९६१ साली, म्हणजे एएन-३२ ताफ्यात येण्याच्या बावीस-तेवीस वर्षे आधी. थोरल्याची पेन्शन मंजूर झाली म्हणून धाकट्याला घराबाहेर काढायचे, असा हा हिशेब.

पण चुका कोणाच्याही होतात. मी लिहायला बसलो तो मथळ्यामुळे. ‘उडत्या शवपेट्या’. काल संध्याकाळी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या मुलाने मला हसत विचारले, “काका, तुम्ही त्या शवपेट्यांवरच होतात ना कामाला?” वीस वर्षे इंजिन फिटर म्हणून नोकरी केली, त्यातली सोळा याच विमानावर. उत्तर सुचेना. मजला आला, उतरलो.

२२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. अवशेष सापडले ते २०२४ च्या जानेवारीत, ३,४०० मीटर खोलावर. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला जाणारे अरुणाचलच्या डोंगरात पडले, त्यात १३ गेले. त्यांच्या घरीही वर्तमानपत्र येते, एवढे मथळा देताना लक्षात ठेवायला हवे होते.

जुने विमान कशाने अडते ते सांगतो. वर्ष १९९३, उत्तरेतला एक तळ, थंडी अशी की पाना हाताला चिकटायचा. पहाटेच्या फेरीला लडाखकडे निघायचे विमान, आणि एका पंख्याच्या मुळाशी तेल पाझरतेय. बदलायची एक रबरी रिंग, बांगडीहून जराशी मोठी. स्टोअरमधून पाकीट आले, मेणकागदाचे, वर रशियन अक्षरे. आतली रिंग कोरी करकरीत, पण मुदत उलटून दोन वर्षे झालेली. नखाने दाबली तर केसासारख्या भेगा. रबर वापरा न वापरा, म्हातारे होतेच. मी बसवायला नकार दिला. साहेब चिडले, मग त्यांनीही नख लावून पाहिले आणि गप्प झाले.

हँगरच्या कोपऱ्यात एक विमान उभे असायचे. आम्ही त्याला ‘कर्ण’ म्हणायचो, कारण जो येईल तो त्याच्याकडून काहीतरी मागून न्यायचा आणि त्याने कधी नाही म्हटले नाही. त्या रात्री त्याची रिंग काढली, यात लावली. काम दुप्पट, फॉर्म-७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सह्या दुप्पट. पहाटे विमान गेले, पोटात रॉकेलचे डबे आणि कांदे-बटाटे घेऊन. कर्ण आणखी सहा महिने तिथेच होता. कवचकुंडले कधीच गेली होती, शेवटी शेवटी चाकेही गेली.

तेव्हा सोव्हिएत संघ मोडला होता. विमान कीव्हचे, इंजिन झापोरिझ्झियाचे, म्हणजे दोन्ही युक्रेनमध्ये, आणि आमचे जुने व्यवहार सगळे मॉस्कोच्या पत्त्यावर. कागद इकडून तिकडे फिरत राहिले. २००९ साली शंभरावर विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला. त्यातली ४० युक्रेनमध्ये, बाकी कानपूरला, आणि पंचवीस वर्षांचे आयुष्य चाळीसवर न्यायचे ठरले. २०१४ ला रशिया-युक्रेनचे भांडण पेटले आणि सुटे भाग पुन्हा अडकले. लेखात यावर एक ओळ आहे. ‘शवपेट्या’ मात्र चारदा.

ही विमाने कायम चालवा असे मी म्हणत नाही. चाळिशीही आता भरत आली, हे मलाही मोजता येते. पण जागी आणणार काय? मालवाहू विमान मिळून बनवायचे म्हणून रशियाशी २००७ सालीच करार केला होता. ते विमान कोणी पाहिले असेल तर कळवावे. तोवर सियाचीनच्या चौक्यांवर रसद टाकायला हेच एएन-३२ जाणार. लडाखमधल्या, १६ हजार फुटांहून उंच दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर ४३ वर्षांच्या खंडानंतर, २००८ मध्ये, पहिले विमान उतरले तेही हेच. मी तेव्हा निवृत्त होतो, घरी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. नव्या विमानाची फीत कापायला मंत्री येतात. जुन्याची रिंग वेळेवर आली तर कोणी फोटो काढत नाही, त्यामुळे तिला पैसेही शेवटी मिळतात.

सी-२९५ शी माझे वैर नाही. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या धावपट्टीवर पहिले उतरले ते हेच विमान, आणि उलव्याहून भाच्याने व्हिडिओ पाठवला तेव्हा मी तो पाचदा पाहिला. उतरणे सुरेख होते.

विमानतळाचा विषय निघालाच आहे तर, त्याच लेखाशेजारी अर्ध्या पानाची जाहिरात आहे, आमच्या कोलशेत रस्त्यावरच्या नव्या टॉवरची. ‘नवी मुंबई विमानतळ फक्त वीस मिनिटांवर’. इथून वीस मिनिटांत कापूरबावडी नाका आला तरी आम्ही देवाचे आभार मानतो. एएन-३२ ने म्हणत असाल तर कबूल.

छायाचित्राची दुरुस्ती छापावी, ही विनंती. माझे नाव छापू नये. लिफ्ट एकच आहे.

आपला,
एक निवृत्त सार्जंट,
कोलशेत रस्ता, ठाणे (पश्चिम)